जवळची की लांबची

पलंगावर जुनी चादर अंथरून
एकेक काढून ठेवतोय.
कुंदा म्हणते, मुलगी बघायला आल्यासारखे काय बसलायत.

सत्तर-दोनशे.
दीड किलो. मानेचा पट्टा हिचाच प्रसाद.
चुनाभट्टीपासून पार अलिबागपर्यंत
नवऱ्या मुलींच्या डोळ्यांतलं पाणी
मांडवाच्या खांबाआडून, त्यांना न कळता,
हिनेच टिपलं.
विकायची.

चोवीस-सत्तर.
हप्ते फिटले त्याच महिन्यात हातातून सुटली,
माहीमच्या हॉलच्या जिन्यावर.
रिंग फिरवली की आत काहीतरी खुळखुळतं.
बोरा बाजारातले तय्यबभाई म्हणाले,
खुळखुळू दे, फोटो येतो ना?
येतो.
हिचं उद्या बघू.

शंभरची मॅक्रो. हिने अंगठ्या काढल्या, मेंदी काढली,
आणि लग्नसराई नसताना
पडायला आलेल्या इमारतींच्या भेगा,
शेजारी सहा इंची पट्टी धरून,
इंजिनिअर सांगेल तशा.
भेगांचे पैसे वेळेवर मिळायचे.
ठेवू.

पन्नासची. सगळ्यात जुनी, सगळ्यात स्वस्त.
विजेरी मारली की आत बुरशी दिसते,
कोळ्याने जाळं विणायला घेऊन
मध्येच सोडून दिल्यासारखी.
दर पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात पुरायचो,
कपाटात चाळीसचा बल्ब लावून निजायचो,
तरी या शहराची हवा शिरलीच.
हिला गिऱ्हाईक नाही.

मार्चमध्ये आंबेकरबाई अल्बम घेऊन आल्या.
शालू आमचा लालभडक, तुम्ही जांभळा केलात.
पोरगी आजारी दिसतेय हो.
मी बघत राहिलो. मला तर बरोबर दिसत होता.
मॉनिटर बदलला.
मॉनिटरचा दोष नव्हता.

माटुंग्याच्या डॉक्टर तेलंग म्हणाल्या,
मोतीबिंदू पिवळा पडलाय.
वर्षानुवर्षं तुम्ही पिवळ्यातून बघताय,
म्हणून हात निळं ओततो.
मग दरपत्रक पुढे सरकवलं.
देशी. परदेशी. एका अंतराची. सगळ्या अंतरांची.
सगळ्या अंतरांची महाग, पण चष्मा सुटेल,
फक्त रात्री दिव्यांभोवती कडी दिसतील थोडी.
तीस वर्षं मी लोकांच्या फोटोंतून
तीच कडी पुसत आलोय.
म्हटलं, झूम नको मॅडम, फिक्स द्या.
त्या हसल्या. बरं, मग जवळची की लांबची?

हप्त्याचं विचारलं असतं तर
पटकन बोललो असतो.

काल वसईहून एल्टन डाबरे आला, बावीस-तेवीसचा.
सत्तर-दोनशे उचलून त्याने खिडकीतून
समोरच्या गच्चीतल्या सांडग्यांवर नेम धरला.
अंकल, एकदम शार्प!
मला गच्चीवर सांडगे घातलेत हेच माहीत नव्हतं.
त्याने पाच हजार कमी सांगितले, मी तीन सोडले,
पिशवी फुकट दिली.
लिफ्टपाशी त्याला थांबवून म्हणालो,
नवरी रडायला लागली की पुढे जाऊ नकोस,
दोन पावलं मागे सर.
तो हो अंकल म्हणाला, म्हणजे पुढेच जाईल.

मंगळवारी उजवा डोळा.
एक विचारायचं राहिलं:
जी काढतील ती, अठ्ठावन्न वर्षं वापरलेली,
आईचं कपाळ, दहावीचा फळा,
हजारभर अनोळखी वरमाला बघितलेली,
ती कुठे टाकतात?
तिचा भाव कुणी विचारत नाही.
पावती तर नाहीच.

कुंदाने पन्नासची उचललीय.
हात लांब करून, एक डोळा मिटून,
तिच्यातून माझ्याकडे बघते.
अगं बाई, उलटे दिसताय तुम्ही. छतावर बसल्यासारखे.
मला ती दिसते, म्हणजे
पिवळसर काहीतरी, हसणारं, दारापाशी.

जवळची, मी म्हणतो.
काय जवळची?
काही नाही. चादरीचं ते टोक धर.